‘सगळं कळलं होतं, सर’: प्रवेश परीक्षेतला इंग्रजी उतारा आणि आपलं वाचन



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘पदव्युत्तर प्रवेश परीक्षांसाठी इंग्रजी शब्दसंपत्ती’. फोनवर मी हो म्हटलं. मग घरी टिपणं काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की मला या शीर्षकाशीच भांडायचं आहे. त्यामुळे शब्द पाठ करायच्या युक्त्या ऐकायला जे आले असतील त्यांची आधीच क्षमा मागतो. यादी मिळणार नाही. (हशा) ती तुमच्या मोबाइलमध्ये आहेच, एकेकाकडे तर तीन-तीन आहेत.

एका मुलीपासून सुरुवात करतो. लांज्याजवळच्या गावातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे विज्ञान, बी.एस्सी.ला पहिला वर्ग. तिला एम.बी.ए. करायचं होतं. वर्षभर रोज चार-पाच शब्द, असे तिने जवळजवळ दीड हजार शब्द पाठ केले होते आणि ती वही मला दाखवायला आली होती. दोनशे पानी वही, डावीकडे निळ्या शाईत शब्द, उजवीकडे लाल शाईत मराठी अर्थ. मी मधूनच एक विचारला, ‘गॅर्युलस?’ ‘बडबड्या.’ ‘पार्सिमोनियस?’ ‘कंजूष.’ पटापट उत्तरं. त्यातले काही शब्द मला स्वतःला अडले असते, हे कबूल करतो.

मग मी तिला एक उतारा दिला. पाचशेएक शब्दांचा, खाली चार प्रश्न. चारपैकी एक उत्तर बरोबर आलं. गंमत म्हणजे त्या उताऱ्यात तिच्या वहीतला एकही शब्द नव्हता, आणि तिला न कळणारा असाही एकही नव्हता. ‘सगळं कळलं होतं, सर.’ हे वाक्य मी शिकवायला लागल्यापासून ऐकतोय. सगळं कळलं होतं, आणि उत्तर चुकलं. आज मी जे काही बोलणार आहे ते या एका वाक्याबद्दल आहे.

तिचं नेमकं कुठे बिनसलं ते आम्ही दोघांनी बसून शोधलं. उतारा एका इतिहासकाराबद्दल होता. त्याने एक मोठा दावा केला, आणि पुढे लेखक म्हणतो, ‘ही लेटर क्वालिफाइड धिस क्लेम’. हिने वाचलं, त्याचा दावा पुढे पात्र ठरला, म्हणजे सिद्ध झाला. खरा अर्थ काय? पुढे त्याने स्वतःच आपल्या दाव्याला मुरड घातली, ‘सरसकट तसं नाही, पण अमुक परिस्थितीत खरं’ असं म्हटलं. म्हणजे अर्थ जवळपास उलटा. दोन प्रश्न त्या एका वाक्यावर उभे होते. प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलीला ‘क्वालिफाय’चा हा अर्थ कुणी सांगितला नव्हता, कारण तो शब्द कुठल्याच यादीत नसतो. तो सोपा शब्द आहे ना!

या याद्या आल्या कुठून ते थोडं बघू. आपल्याकडे या विषयातलं सगळ्यात खपाचं पुस्तक म्हणजे नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. १९४९ सालचं, अमेरिकन. माझी प्रत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली, जुनी, आधीच्या मालकाने पहिली चाळीस पानं पेन्सिलने रंगवलेली आणि पुढची कोरी करकरीत. या पुस्तकाची बहुतेक प्रतींत हीच अवस्था असते. (हशा) पुस्तक चांगलं आहे, हे मी मुद्दाम सांगतो. लुईस शब्द सुटे देत नाहीत. ग्रीक-लॅटिन धातू घेतात, त्या धातूभोवती शब्दांचं कुटुंब बसवतात, उच्चार मोठ्याने करायला लावतात, थांबून स्वतःची परीक्षा घ्यायला लावतात. पण ते ज्याच्यासाठी लिहिलं तो वाचक इंग्रजीतच वाढलेला आहे. त्याला ‘हार्डली’ आणि ‘अनलेस’ शिकवायची गरज नाही, त्याला वरचा मजला बांधायचा आहे. आपण जोत्याआधी तो मजला बांधायला घेतो. आणि तोही पुस्तकातली कुटुंबं मोडून, शब्द सुटे करून, वहीच्या दोन रकान्यांत.

दुसरा उगम जी.आर.ई.चा. अमेरिकेला जाणाऱ्या मुलांनी बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी पिढ्यान् पिढ्या घोकली. तेव्हा ते बरोबरही होतं, कारण परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध थेट विचारत असत. पण जी.आर.ई.ने २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार काढून टाकले. सॅटने शब्दसंबंध त्याच्याही आधी, २००५ मध्ये काढले होते. ज्यांनी हा रोग लावला त्यांनी औषध बदललं, आपण मात्र जुन्या चिठ्ठीवर अजून गोळ्या घेतोय. आपल्या कॅटचंच बघा. गेल्या काही वर्षांतला इंग्रजीचा विभाग म्हणजे चाळीस मिनिटं, चोवीस प्रश्न. त्यातले सोळा चार उताऱ्यांवरचे. उरलेल्या आठांत विस्कटलेली वाक्यं लावा, परिच्छेदाचा सारांश निवडा, न बसणारं वाक्य काढा असले प्रकार. ‘या शब्दाचा समानार्थी सांगा’ हा प्रश्न जवळजवळ गेलाच. दोन तृतीयांश गुण वाचनाचे आणि तयारी शब्दार्थाची, असा हा व्यवहार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. मी वाङ्मयाचा माणूस आहे, मला प्रत्येक गोष्ट वाङ्मयप्रकार म्हणून बघायची खोड आहे. प्रवेश परीक्षेतला उतारा हासुद्धा एक वाङ्मयप्रकार आहे असं माझं म्हणणं आहे, आणि तसा तो कुणी शिकवत नाही. त्याची लक्षणं बघा. लेखकाचं नाव नाही, किंवा असलं तरी उपयोगाचं नाही. मूळचा निबंध तीन-चार हजार शब्दांचा, बहुधा ‘एऑन’सारख्या परदेशी नियतकालिकातला, त्यातून पाचशे शब्द कापलेले. म्हणजे नमस्कार-चमत्कार गेले, शेवटचा निरोपही गेला, तुम्ही भर सभेत मागच्या दाराने शिरता आणि तेव्हा वाद ऐन रंगात आलेला असतो. कोण कुणाच्या बाजूने बोलतोय हे तुम्हालाच ओळखायचं असतं. आणि तिसरं लक्षण महत्त्वाचं: उताऱ्यातली बरीचशी वाक्यं लेखकाची स्वतःची मतं नसतात. तो दुसऱ्यांची मतं सांगत असतो, बहुधा खोडून काढण्यासाठी.

मी वर्गात एक घरचा उतारा वापरतो, मीच लिहिलेला. विषय पावसाळी मासेमारी बंदीचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनी समुद्रात जायचं नाही, मिरकरवाड्याला होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. पहिला परिच्छेद सुरू होतो ‘फ्यू वुड डिनाय’ या तीन शब्दांनी: बंदीमुळे माशांना अंडी घालायला अवसर मिळतो, हे फारसं कुणी नाकारणार नाही. दुसऱ्या परिच्छेदात टीकाकार येतात. बंदीच्या हेतूबद्दल त्यांना ‘हार्डली’ शंका आहे, पण वर्षाचे दहा महिने बारीक आसाच्या जाळ्यांनी समुद्र खरवडायचा आणि दोन महिने त्याला विश्रांती द्यायची, याला काय अर्थ, असं ते विचारतात. हा परिच्छेद सगळ्यात लांब आणि सगळ्यात चटकदार. तिसऱ्यात लेखक एवढंच म्हणतो की या टीकेवरून ‘इफ एनिथिंग’ नियम आणखी वाढवायला हवेत असं ठरतं, बंदी उठवायला हवी असं नाही.

खाली प्रश्न: लेखकाला यातलं काय मान्य होईल? एक, बंदी निरुपयोगी आहे. दोन, बंदी पुरेशी आहे. तीन, बंदी हवी, पण एकटी पुरणार नाही. चार, बंदीच्या काळात मच्छीमारांना भरपाई मिळायला हवी.

अर्धा वर्ग पहिल्यावर खूण करतो. का? उताऱ्यातल्या सर्वाधिक ओळी टीकाकारांच्या आहेत म्हणून. ‘फ्यू वुड डिनाय’ हे काही जणांनी ‘थोडे लोक नाकारतील’ असं वाचलेलं असतं, म्हणजे वाद आहे असं धरलेलं असतं. ‘हार्डली’ म्हणजे ‘हार्ड’चा भाऊ, म्हणून टीकाकार कठोर शंका घेतात असं झालेलं असतं. तीन शब्द, तिघेही पाचवीतल्या मुलाला ओळखीचे, आणि तिघांनी मिळून अर्थ फिरवलेला. आणि ज्याच्या घरची होडी आहे असा एखादा मुलगा असतो, तो चौथ्यावर खूण करतो. मी विचारतो, का रे? तो म्हणतो, खरं आहे म्हणून. अरे, खरं आहेच! तुझ्या घरचे दोन महिने कसे जातात ते तुला माहीत आहे. पण हा लेखक ते म्हणालेला नाही. त्या मुलाला ‘चूक’ म्हणताना मला दर वेळी थोडं अपराध्यासारखं वाटतं. पण लेखकाचं मत आणि आपलं मत वेगवेगळ्या खिशांत ठेवता येणं हीच तर इथे मागितलेली विद्या आहे.

ही विद्या शाळेत का आली नाही? महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आजच्या पदवीधराने पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेलं आहे. पण उतारा वाचायचा कसा, तर प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की त्या ओळीचं पुस्तकी शेपूट कापून उत्तराच्या जागी ठेवायचं. हे वाचन नाही, ही गरी टाकणं आहे. परीक्षा काढणाऱ्याला ही सवय पक्की ठाऊक आहे. म्हणून तो चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे घालतो आणि बरोबर पर्याय वेगळ्याच शब्दांत लिहितो. गरी टाकणारा हमखास लागतो. क्लासमध्ये जे सांगतात ना, ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा’, त्याला माझा विरोध याच कारणासाठी आहे. त्याने गरी पुन्हा हातात येते.

आता जरा रेंगाळतो, कारण मला सगळ्यात जास्त रस या भागात आहे. आपण मराठीत रोज शेकडो इंग्रजी शब्द वापरतो आणि म्हणून समजतो की ते आपल्याला येतात. पण मराठीने हे शब्द घेताना अख्खे घेतलेले नाहीत, एकेक फोड घेतली आहे. पेशंट क्रिटिकल आहे, म्हणजे अत्यवस्थ. मग उताऱ्यात ‘क्रिटिकल रीडिंग’ आलं की वाचन गंभीर होतं. गाडीचं ॲव्हरेज, म्हणजे लिटरला किती जाते ते. कर्ज सॅन्क्शन झालं, म्हणजे मंजूर. उताऱ्यात एका देशावर ‘सॅन्क्शन्स’ येतात तेव्हा त्याला निधी मिळाला असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. (हशा) हसू नका, मंजुरी आणि निर्बंध हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवणाऱ्या भाषेला हसा. डिस्काउंट म्हणजे दुकानातली सूट. लेखक एखादी उपपत्ती ‘डिस्काउंट’ करतो तेव्हा तो ती हिशेबात धरत नाही. ॲप्रिशिएट म्हणजे कौतुक, पण ‘ही ॲप्रिशिएट्स द डिफिकल्टी’ म्हणजे अडचण त्याच्या ध्यानात आहे, तिचं कौतुक कसलं! आर्ग्युमेंट म्हणजे आपल्याकडे भांडण. एंटरटेन करणं म्हणजे करमणूक, किंवा ‘त्याला एंटरटेन करू नकोस’ म्हणतो ते. उताऱ्यात माणूस शक्यता ‘एंटरटेन’ करतो, म्हणजे मनात खेळवून बघतो. ‘आय सस्पेक्ट’ म्हणजे संशय घेणं नसतं, सभ्यपणे ‘मला वाटतं’ म्हणणं असतं. आणि या सगळ्यांचा म्होरक्या आपला ‘क्वालिफाय’.

हे शब्द परदेशी यादीत सापडणार नाहीत, कारण तिथल्या वाचकाला त्यांचे सगळे अर्थ आईच्या मांडीवर मिळालेले असतात. मराठी वाचकाला ते अडतात, आणि अडले आहेत हे कळतही नाही. न कळणारा शब्द निदान थांबवतो तरी. कळल्यासारखा वाटणारा शब्द हात धरून चुकीच्या गल्लीत नेतो. ही यादी करायची तर आपल्यालाच, मराठीत, करायला हवी.

सावरकर १९२४ ते १९३७ या गावात स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी त्याच काळात धरला. महापौर, दिनांक हे शब्द आपण आता त्यांचे म्हणून वापरतही नाही, इतके ते रुळले. परका शब्द आला की घरचा मरतो, ही त्यांची तक्रार. माझी तक्रार जरा वेगळी आहे. परका शब्द अर्धामुर्धा आला की मूळ भाषेतला पुरा शब्दही आपल्याला शिकता येत नाही, कारण तो आपल्याला येतो अशी आपली समजूत झालेली असते.

शब्दांइतकीच वाक्याची घडण आड येते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. माझ्या वडिलांनी तीवरच शिकून चोख इंग्रजीत अर्ज लिहिले. पण भाषांतराने शिकलेला डोळा वाक्यात सरळ चालत नाही. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून तो शेवटापर्यंत धावतो, मग उलटा फिरून कर्ता-कर्म गोळा करतो. इंग्रजी वाक्य कर्ता-क्रियापद आधी सांगून टाकतं आणि अटी-शर्ती मागून सोडत जातं. आपण त्या शर्ती आधी वाचल्यासारख्या डोक्यात लावतो आणि दमतो. त्यात ‘ऑलदो’सारखी प्रकरणं. मराठीत ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ येतोच, जोडी ठरलेली. इंग्रजीत ‘ऑलदो’ला तरी नाही, नुसता स्वल्पविराम. आपली मुलं लिहिताना ‘ऑलदो’पुढे ‘बट’ घालतात ती चूक सगळ्यांना दिसते. वाचताना तीच मुलं न आलेल्या ‘तरी’ची वाट बघत बिजागरी ओलांडून जातात, ते मात्र कुणाला दिसत नाही.

आता त्या मुलीकडे परत. मी तिला म्हटलं, शब्द सोड, मला मराठीत सांग: कोण काय म्हणतंय? ती सांगायला लागली. तिसऱ्या वाक्याला थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे हा आधी दुसऱ्यांचं म्हणणं सांगतोय होय!’ आपल्याकडे याला फार जुनं नाव आहे, पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं, तेही त्याच्या ताकदीनिशी, मांडायचं, मग उत्तरपक्ष, मग सिद्धांत. शास्त्रचर्चा याच वळणाने चालली. ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातही टिळक आधीच्या आचार्यांचं म्हणणं सविस्तर मांडतात आणि मग आपलं सांगतात. ते पुस्तक लिहिलं मंडालेत. मंडालेचा थिबा राजा इथे रत्नागिरीत आणून ठेवलेला आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक तिकडे मंडालेत, हे इंग्रज सरकारचं विनोदाचं अंग. असो. सांगायचं हे, की १८८१ मध्ये एकाच वेळी मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ निघाले, ते काढणाऱ्यांना युक्तिवाद दोन वेळा शिकावा लागला नव्हता. एकदाच शिकला होता, आणि तो दोन भाषांत चालत होता. ज्या मुलीला मराठी अग्रलेखातला पूर्वपक्ष ओळखता येतो तिला इंग्रजी उताऱ्यातला ओळखता येण्याची निम्मी तयारी झालेली आहे. पण तिला आपण काय सांगतो? तुझं माध्यम मराठी, म्हणून तू कच्ची. १८२८ पासून वाचनालय असलेल्या गावात हे सांगतो.

त्या दिवशी मराठीत बोलून झाल्यावर तिने तेच चार प्रश्न पुन्हा सोडवले. तीन बरोबर. एक मात्र चुकलाच, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्नही वाईट होता.

परीक्षेबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर सगळा दोष मुलांच्या माथी जाईल. उतारे असू नयेत असं मी म्हणणार नाही. पुढचा अभ्यास इंग्रजी ग्रंथांवर होणार असेल तर वाचन तपासायलाच हवं. पण हिशेब करा. चाळीस मिनिटांतली बारा त्या आठ प्रश्नांना गेली, तर एका उताऱ्याला उरतात सात मिनिटं, चार प्रश्नांसकट. ज्या अभ्यासक्रमाचं हे दार आहे त्यात शिरल्यावर कुणी तुम्हाला सात मिनिटांत वाच म्हणत नाही. तिथे तर एक पान दोनदा वाचणाराच भला. म्हणजे दारात वेग मोजायचा आणि आत चिकाटी मागायची. वेग घरात इंग्रजी पुस्तकं-मासिकं असण्यातून येतो, तो वर्षभराच्या क्लासने पुरता भरून निघत नाही. आणि सी.यू.ई.टी.चा प्रकार तर अजब आहे. बारावीनंतरची सी.यू.ई.टी. तेरा भाषांत देता येते, त्यात मराठी आहे. पदवीनंतरची, २०२२ पासून सुरू झालेली, तिचे बहुतेक पेपर इंग्रजी आणि हिंदीतच. इतिहास किंवा राज्यशास्त्र मराठीतून शिकून पदवी घेतलेल्या मुलाला आपल्याच विषयाचा प्रश्न आधी भाषेच्या गाळणीतून प्यावा लागतो. तीन वर्षांत त्याची मराठी कुठे गेली असं परीक्षेला वाटतं, कुणास ठाऊक.

त्या मुलीचा त्या वर्षी प्रवेश झाला नाही. वही तिने ठेवली आहे. सध्या चिपळूणला नोकरी करते आणि पुन्हा बसणार आहे.

माझं बोलणं इथे थांबवतो, प्रश्न घेऊ.

(एका पालकांचा प्रश्न: मग शब्दांची वही टाकून द्यायची का?)

नको, नको. तसं ऐकू आलं असेल तर माझं चुकलं. आपल्या राज्याच्या एम.बी.ए. सी.ई.टी.त दोनशे प्रश्न आणि दीडशे मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद. त्यातले पन्नास प्रश्न इंग्रजीचे, आणि तिथे समानार्थी शब्द, वाक्प्रचार, गाळलेले शब्द हे सगळं अजून येतं. चुकीला गुणही कापत नाहीत. तिथे वही उपयोगी पडेल. फक्त उजवा रकाना बदला. लाल शाईतला एकशब्दी अर्थ काढा आणि जिथे तो शब्द भेटला ते अख्खं वाक्य लिहा. रोज पाच नकोत, दोन पुरेत. आणि वहीला मागच्या बाजूने उलटी सुरुवात करा: तिथे फक्त तेच शब्द, जे आपण मराठीत वापरतो आणि इंग्रजीत ज्यांनी आपल्याला फसवलं.

(एका विद्यार्थिनीचा प्रश्न: वाचताना मनात मराठी भाषांतर होतं, त्यात वेळ जातो. ते कसं थांबवायचं?)

थांबवू नकोस, फक्त वाक्यावाक्याला करू नकोस. एक परिच्छेद संपेपर्यंत दम धर, मग मनात मराठीत एकच वाक्य म्हण: ‘इथे अमुक लोक तमुक म्हणतायत’ किंवा ‘इथे लेखक वळला’. चार परिच्छेद, चार वाक्यं. पहिला महिनाभर घड्याळ लावू नकोस. सुरुवातीला एका उताऱ्याला वीस मिनिटं लागतील, लागू देत. रोज एक लेख, तोही तुला ज्या विषयात गोडी नाही अशा विषयावरचा, कारण परीक्षा तुझी आवड विचारत नाही. आणि कुणाला तरी तो तोंडी सांग. आजीला सांगितलास तर उत्तम, ती ‘मग त्या दुसऱ्याचं काय म्हणणं?’ असं हमखास विचारते.

मघाचा मासेमारीचा उतारा मी आणलाय, वीसेक प्रती टेबलावर आहेत. ज्यांना हवा त्यांनी न्या. प्रश्न पाठीमागच्या पानावर आहेत, कागद आत्ताच उलटू नका.